विठ्ठल, विठू, विठ्या : एका नावाचा उच्चार आणि त्याची हाक

बारशाच्या दिवशी आत्या बाळाच्या कानात नाव सांगते आणि पाठोपाठ जमलेल्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. तो समारंभ पाच मिनिटांत आटोपतो. मात्र नावासंबंधीचे दोन प्रश्न त्यानंतर सुरू होतात. पहिला प्रश्न असा की, हे नाव परके लोक कसे उच्चारतील? दुसरा असा की, घरात याला हाक कशी मारायची? पाळण्यावर लिहिलेले नाव क्वचितच जसेच्या तसे हाकेला चालते. ते कापावे लागते, त्याला शेपूट जोडावे लागते, कधी त्याची ओळखही उरत नाही. या दोन प्रश्नांना मराठी समाजाने काय उत्तरे दिली, हे पाहण्यासाठी आम्ही येथे एकच नाव घेत आहोत. ते नाव विठ्ठल. त्याचा प्रवास लांबचा आहे, त्याच्या हाका अनेक आहेत, आणि त्या हाकांमध्ये आपल्या समाजाच्या उतरंडीचा हिशेब जवळजवळ पूर्ण सापडतो.

आरंभ उच्चारापासून करू. मध्य रेल्वेच्या कल्याण-कर्जत मार्गावर कल्याणच्या पुढचे पहिले स्थानक विठ्ठलवाडी. नागरी लिपीत आपण 'ठ'ला 'ठ' जोडतो. रोमन लिपीतल्या नावात मात्र एकच 'टी' आणि त्यामागे एक 'एच' आहे. मराठी न जाणणाऱ्या माणसाने ती रोमन अक्षरे वाचली, तर तो 'विथल' म्हणेल, 'विटल' म्हणेल किंवा 'विठल' म्हणेल, आणि त्यातले कोणतेही वाचन त्या अक्षरांना धरून चूक ठरणार नाही. पण आपले लेखन तरी उच्चाराशी प्रामाणिक आहे काय? दोन महाप्राण व्यंजने लागोपाठ उच्चारणे जिभेला जमत नाही. 'ठ्ठ' लिहिले तरी तोंडातून 'ट्ठ' असेच येते. संस्कृतच्या संधिनियमांनाही तेच मान्य आहे. हिंदीत 'विट्ठल' आणि 'चिट्ठी' लिहितात ते या उच्चाराला धरून. मराठीने 'विठ्ठल', 'चिठ्ठी', 'लठ्ठ', 'मठ्ठ' ही लेखनाची रूढी पत्करली. म्हणजे ज्या नावाचा उच्चार परक्यांनी बिघडवला अशी आपली तक्रार असते, ते नाव आपणही लिहितो एक आणि बोलतो दुसरे.

नावाचा मूळ उच्चार कोणता, हे तर विद्वानांनाही एकमताने सांगता आलेले नाही. विटेवर उभा म्हणून विठ्ठल, ही व्युत्पत्ती लोकांच्या तोंडी आहे. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना हे नाव 'विष्णू' या शब्दाच्या कानडी रूपातून आले असावे असे वाटत होते. त्यासाठी होयसळ राजा विष्णुवर्धन याचे उदाहरण डोळ्यांसमोर आणता येते. बाराव्या शतकातला हा राजा 'बिट्टिदेव' आणि 'बिट्टिग' या नावांनीही ओळखला जातो. राजाचे नावसुद्धा लोकांच्या जिभेवर असे घासले गेले. रा. चिं. ढेरे यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या ग्रंथात या दैवताची मुळे दक्षिणेतल्या गवळी-धनगरांच्या लोकदैवतांपर्यंत नेऊन भिडवली. ती मांडणी स्वीकारली, तर संस्कृत व्युत्पत्ती ही नंतर चढवलेली झूल ठरते, आणि गुराख्याच्या तोंडची हाक आधीची ठरते.

नाव एक आणि लिहिण्याची रूपे दोन, हा प्रकार विठ्ठलवाडीच्या परिसराला नवा नाही. येथून जवळच अंबरनाथचे शिवमंदिर आहे. तेथल्या शके ९८२ च्या, म्हणजे इ. स. १०६० च्या, शिलालेखात शिलाहार राजाचे नाव 'माम्वाणि' असे येते. इतरत्र तोच राजा 'मुम्मुणि' म्हणून ओळखला जातो. मंदिर उभारणाऱ्या राजवंशालाही आपल्या नावाचे एकच वर्णलेखन टिकवता आले नाही. मग महापालिकेच्या जन्मदाखल्यावर एखाद्या कारकुनाने एक अक्षर इकडचे तिकडे केले, तर इतिहासाच्या दृष्टीने ती मोठी गोष्ट नव्हे.

विठ्ठल हे नाव महाराष्ट्राबाहेर गेले तेव्हा प्रत्येक भाषेने ते आपल्या तोंडाला जुळवून घेतले. कर्नाटकात ते शिरलेलेच होते. हंपीला विठ्ठलाचे भव्य मंदिर उभे राहिले, आणि हरिदासांनी त्या नावाला आपापली विशेषणे जोडून 'पुरंदर विठ्ठल', 'विजय विठ्ठल', 'गोपाल विठ्ठल' अशा मुद्रा घेतल्या. गुजरातेत ते वल्लभाचार्यांचे पुत्र विठ्ठलनाथ यांच्या संप्रदायामुळे घरोघरी गेले. १९२५ साली मध्यवर्ती कायदेमंडळाचे पहिले निर्वाचित हिंदी अध्यक्ष झालेले विठ्ठलभाई पटेल त्याच परंपरेतले, आणि महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला पंधरा लाखांची देणगी देणारे सर विठ्ठलदास ठाकरसीही. या दोघांच्याही नावाच्या रोमन लेखनात विठ्ठलवाडीप्रमाणे एकच 'टी' आहे.

उत्तरेकडचा प्रवास आम्हांस अधिक लक्षणीय वाटतो. नामदेव पंजाबात गेले, आणि १६०४ साली गुरू अर्जुनदेवांनी सिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांची एकसष्ट पदे समाविष्ट झाली. त्या पदांत पंढरीचा देव 'बीठल' या नावाने येतो. 'व'चा 'ब' झाला, जोडाक्षर सुटले, आणि सुटलेल्या व्यंजनाची भरपाई म्हणून आधीचा स्वर दीर्घ झाला. 'हत्थ'चे 'हात' आणि 'सत्त'चे 'सात' याच वाटेने झाले आहे. उच्चार बिघडला असे येथे म्हणवत नाही. ज्या लोकांनी तो बदलला, त्यांनीच तो साडेतीनशे-चारशे वर्षे रोजच्या पाठात जपला.

हा 'बीठल' पुढे विठ्ठलवाडीच्या दाराशी येऊन पोहोचला, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात आलेली दिसत नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत, कल्याण कॅम्पमध्ये, फाळणीनंतर सिंधमधून आलेली हजारो कुटुंबे उतरवण्यात आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी कोनशिला बसवली आणि त्या वसाहतीला उल्हास नदीवरून उल्हासनगर हे नाव मिळाले. आलेल्या सिंधी कुटुंबांत नानकपंथी मोठ्या संख्येने होते. त्यांच्या टिकाण्यांत गुरू ग्रंथसाहिब असतो, आणि त्यात नामदेवांची पदे असतात. म्हणजे घर, शेत आणि गाव मागे टाकून आलेल्या ज्या माणसांना मराठीचा एक शब्द येत नव्हता, त्यांच्या पाठातल्या ग्रंथात 'बीठल' होता; आणि वसाहतीच्या वेशीवरच्या स्थानकाचे नाव 'विठ्ठल' होते. दोन्ही एकाच देवाची नावे आहेत हे किती जणांना उमगले असेल, याची नोंद कोणी ठेवत नाही. एप्रिल २०१५ मध्ये पंजाबातल्या घुमानला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा नामदेवांच्या उत्तरयात्रेची पुष्कळ चर्चा झाली. त्या यात्रेचे एक टोक ठाणे जिल्ह्यात आहे, हेही त्या निमित्ताने आठवायला हरकत नव्हती.

आता हाकेकडे वळू. 'विठ्ठल' हे नाव दूरवर हाक मारायला गैरसोयीचे आहे. मधल्या जोडाक्षरापाशी श्वास अडतो आणि शेवटचा 'ल' हवेत विरून जातो. शेताच्या एका बांधावरून दुसऱ्या बांधावर पोहोचायचे, तर नावाच्या शेवटी लांबवता येईल असा स्वर हवा. म्हणून 'विठू'. जोडाक्षर गेले, 'ल' गळाला आणि शेवटी दीर्घ 'ऊ' आला. रघुनाथाचा राघू, गणेशाचा गणू, खंडेरावाचा खंडू याच साच्यातले. हाकेत आदर मिसळायचा असेल तर त्याला 'बा' लागतो आणि विठोबा, राघोबा, खंडोबा होतात. माया मिसळायची असेल तर 'आई' लागते आणि विठाई होते. याच देवाच्या 'पांडुरंग' या नावाचे पांडू आणि पांडोबा होतात, रुक्मिणीची रखमा आणि रखुमाई होते. मराठीतली लघुनामे ही केवळ नावाची आखूड रूपे नव्हेत. बोलणारा आणि ज्याला बोलावले तो, यांच्यातले अंतर त्यांत मोजलेले असते.

वारकरी संतांनी या व्याकरणाचा जो उपयोग केला, तो आमच्या मते या नावाच्या इतिहासातला सर्वांत मोलाचा भाग आहे. कानडी हरिदास आपल्या पदाच्या शेवटी देवाचे नाव घालतो; मराठी संत आपले स्वतःचे नाव घालतो, आणि तेही घरचे, तोडलेले. नामदेव तेथे 'नामा' असतात, तुकाराम 'तुका' असतात, चोखामेळा 'चोखा' असतात. लोक त्यांना पुढे तुकोबा आणि ज्ञानोबा म्हणू लागले, पण स्वतःच्या मुद्रेत त्यांनी 'बा' लावून घेतला नाही. स्वतःला एवढे लहान करून घेतल्यावर देवाशी बोलण्याची एक मोकळीक त्यांना मिळाली. जनाबाई ही नामदेवांच्या घरची दासी. तिच्या नावावरच्या एका प्रसिद्ध अभंगात ती देवाला रागाने 'विठ्या' म्हणते. उतरंडीच्या तळाशी असलेल्या बाईने सर्वांत वरच्याला, आई दंगेखोर पोराला हाक मारते तशी हाक मारली, आणि शतकानुशतके कीर्तनकारांनी ती मिटक्या मारीत गाइली.

परंतु हे जनाबाईच्या अभंगात घडले. गावात ही हाक उलट दिशेने जात असे. 'या' या प्रत्ययाला दोन धारी आहेत. आईच्या तोंडी 'गण्या' हे लाडाचे असते. वाड्याच्या ओटीवरून पिकल्या केसांच्या माणसाला दहा वर्षांच्या पोराने 'गण्या' म्हटले की ते त्या माणसाला त्याची पायरी दाखवणे असते. पुरुषाच्या नावामागचे शेपूट हे जातीचे चिन्ह होते. विठ्ठल हे नाव ज्ञानेश्वरांच्या वडिलांचे असले की विठ्ठलपंत. शहाजीराजांच्या चुलत्याचे असले, किंवा १८०१ साली पुण्यात हत्तीच्या पायी दिलेल्या होळकराचे असले, की विठोजी. महारांच्या नावांना 'नाक' हे पद लागत असे. १८१८ च्या लढाईची स्मृती म्हणून भीमा-कोरेगावला उभारलेल्या स्तंभावर अशी नाकान्त नावे कोरलेली आजही वाचता येतात. 'नाक' हे पद 'नायक' या शब्दावरून आले असे सांगितले जाते. तरीही गावगाड्यात ते ऐकताच ऐकणाऱ्याला जात कळे, आणि पुढचे वर्तन त्यावरून ठरे.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा या संदर्भात पुन्हा वाचण्याजोगी आहे. दुष्काळात दामाजींनी सरकारी कोठारातले धान्य लोकांना वाटले. ते संकटात सापडले तेव्हा देव बिदरच्या दरबारी जाऊन पैसे भरून आला. देवाने त्या वेळी जे नाव आणि रूप घेतले ते 'विठू महार' असे होते. कथेने देवाच्या लघुनामाला जात जोडली, आणि ती जोडताना तिला संकोच वाटला नाही. ज्या समाजाने ही कथा प्रेमाने सांगितली, त्याच समाजाने पंढरपूरच्या मंदिराचे दार महारांना बंद ठेवले. ते उघडावे म्हणून साने गुरुजींना १ मे १९४७ पासून दहा दिवस उपोषण करावे लागले. देवाला विठू महार म्हणणे सोपे होते. विठू नावाच्या महाराला गाभाऱ्यापर्यंत जाऊ देण्यासाठी विसाव्या शतकाचा मध्य यावा लागला.

लघुनाम कोठे उच्चारले गेले यावर त्याचा अर्थ ठरतो, याचे आणखी एक उदाहरण साताऱ्याच्या शाळेतले आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तेथल्या प्रवेशपटात एका मुलाची नोंद झाली : भिवा रामजी आंबेडकर. 'भिवा' ही घरची हाक होती. ती दफ्तरात उतरली. पुढे तो मुलगा भीमराव झाला, आणि लोकांनी त्यांना बाबासाहेब म्हटले. 'बाबासाहेब' हेही एक हाकेचेच नाव आहे. मात्र ते कोणत्याही पाटलाने किंवा मास्तराने दिलेले नाही. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या 'या' लावून हाक मारली जाई, त्यांनी आपल्या माणसाला आपल्या तोंडाने दिलेले ते नाव आहे. भिवा ते बाबासाहेब एवढ्या अंतरात महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाचा मोठा तुकडा बसतो.

उलट दिशेचा प्रवास 'पांडू'ने केला. पांडुरंगाचे हे घरगुती रूप. दादा कोंडके यांचा 'पांडू हवालदार' हा चित्रपट १९७५ साली आला, आणि 'पांडू' हा शब्द मुंबईच्या रस्त्यावर पोलीस शिपायाला टोमणा मारण्यासाठी रूढ झाला. एका देवाचे नाव पन्नास वर्षांच्या आत शिपायांच्या सबंध वर्गाचे टोपणनाव होऊन बसले. आज पाळण्यातल्या बाळाला पांडुरंग नाव ठेवायचे म्हटले, तर घरातले कोणी तरी 'पण सगळे पांडू म्हणतील ना' असे म्हणणारच.

हाकेच्या या इतिहासात स्त्रियांची कथा निराळी आहे. पुरुषाचे नाव आखूड होत असे. स्त्रीचे नाव पुसले जाई. लग्नात ताटातल्या तांदळांवर सासरचे नवे नाव लिहिले की माहेरची हाक संपली. विठ्ठलवाडीच्या अलीकडच्या स्थानकाच्या गावी, कल्याणला, ३१ मार्च १८६५ रोजी यमुना नावाची मुलगी जन्मली. नवव्या वर्षी तिचे लग्न झाले आणि ती आनंदी झाली. १८८६ साली पेनसिल्व्हेनियातून वैद्यकीय पदवी घेणाऱ्या आनंदीबाई जोशी त्या ह्याच. कुरलेकरांची यमुनाही अशीच रमाबाई रानडे झाली. अमेरिकेत आनंदीबाईंच्या आडनावाच्या रोमन लेखनात शेवटी 'ई' हे अक्षर दोनदा लिहिलेले दिसते. तेथल्या लोकांनी शेवटचा स्वर दीर्घ उच्चारावा, याची सोय त्या लेखनात आपोआप झाली. आज परदेशी राहणारी मराठी कुटुंबे बाळाचे नाव निवडताना जी काळजी वाहतात, तिची ही एक जुनी खूण म्हणता येईल. मात्र आडनावाच्या उच्चाराची सोय झाली, तरी यमू ही हाक कल्याणलाच राहिली.

परक्या जिभेची ही काळजी मराठीपुरती नाही. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल हा प्रांत आहे. तेथली कॉर्निश भाषा अठराव्या शतकाच्या अखेरीस बोलीतून जवळपास नाहीशी झाली. डॉली पेंट्रीथ या १७७७ साली वारलेल्या बाईचे नाव तिच्या शेवटच्या बोलणाऱ्यांत घेतले जाते. विसाव्या शतकात ती भाषा पुन्हा शिकली जाऊ लागली, आणि आईबाप मुलांना तिच्यातली नावे ठेवू लागले. जेम्सऐवजी 'जॅगो', मुलीला 'डेमेल्झा'. हे दुसरे नाव मुळात एका वस्तीचे; विन्स्टन ग्रॅहम यांच्या पोल्डार्क कादंबऱ्यांतल्या नायिकेमुळे ते मुलींना मिळू लागले. आपल्याकडे याचे नवल वाटू नये. १२३७ च्या होयसळ शिलालेखात 'पंडरगे' म्हणून येणाऱ्या गावाचे पुढे पंढरपूर झाले, आणि त्या गावाच्या नावाने कितीतरी मुलगे पंढरी आणि पंढरीनाथ झाले. कॉर्निश आईबापांपुढचा पेच मात्र आपल्यापेक्षा कठीण आहे. त्यांच्याकडे पुस्तकातले नाव आहे; हाक मारणाऱ्या आज्यांची साखळी मधे तुटलेली आहे. त्यामुळे लघुनाम करायचे तर ते बहुधा इंग्रजीच्या वळणानेच होते.

आपली साखळी अजून तुटलेली नाही. म्हणूनच विठ्ठल हे नाव आता बारशात क्वचित ऐकू येते, याची नोंद घ्यावीशी वाटते. ते जुनाट वाटते, परदेशी जिभेला जड जाते आणि त्याची लघुनामे गावठी वाटतात, ही कारणे सांगितली जातात. पहिल्या दोन कारणांविषयी आमची तक्रार नाही. नावांची चाल बदलते, आणि उच्चार तर या नावाचा प्रत्येक प्रांतात बदललेला आहे. 'बीठल' म्हणणाऱ्यांचा देव त्यामुळे दूर गेला नाही. तिसरे कारण मात्र तपासून पाहावे. 'विठू' गावठी वाटतो, कारण तो ज्यांचे नाव होता त्या माणसांना आपण खालच्या पायरीवर बसवले होते. नाव टाकले म्हणजे तो हिशेब मिटत नाही. शोभिवंत नव्या नावालाही शाळेच्या मैदानात चार दिवसांत 'या' लागतो, आणि तो लाडाने लागला की हिणवण्यासाठी, हे पाळण्यावरच्या अक्षरांवरून ठरत नाही. हाक मारणारा कोण, यावरून ठरते. आईबापांना नाव निवडता येते. त्या नावाला लागणारा प्रत्यय मुलाच्या भोवतीचा समाज निवडतो, आणि त्या समाजात आपणही असतो. दुसऱ्याच्या मुलाला आपण कशी हाक मारतो, एवढी गोष्ट तरी आपल्या हातची आहे.